बंबावरच राहायचं ठरवलं आहे

ती. अण्णा आणि आई यांस,
सविनय जय भीम.

फोनवर हा विषय निघाला की अण्णा गप्प होतात आणि आई फोन दादाच्या हातात देते, म्हणून लिहूनच कळवते. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात बसण्यासाठी माझं नाव सुचवलं होतं, त्याला मी नाही म्हणून कळवलं आहे. साहेबांना तसं लेखी दिलं. मी बंबावरच राहणार. आधी विचारायचं तरी, असं आई म्हणेल. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि तुमचा शब्द मोडून हे करणं मला फार जड गेलं असतं.

छोटी हे वाचून दाखवेलच. बाळ, आत्याचं अक्षर लागलं नाही तर तिथे थांब, पण मधलं गाळू नकोस. आणि आजी रडायला लागली तर आधी पाणी दे, मग पुढचं वाच.

नियंत्रण कक्षात गेलं की रात्रपाळी सुटते, असं दादाने तुम्हाला सांगितलंय. सुटत नाही, अण्णा. १०१ चा फोन रात्री दोन वाजताही वाजतो आणि पहाटे चारलाही. तिथे बसणाऱ्याच्या कानावर पलीकडच्या बाईची किंकाळी पडते, आणि तिला पत्ता विचारत, खूण विचारत, शांत आवाजात बोलावं लागतं. गाडी पोचेपर्यंत त्याच्या हातात दुसरं काही नसतं. ते काम करणाऱ्यांच्या भरवशावर आम्ही रस्त्यावर असतो, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण मला ते जमायचं नाही. मी ऐकत बसू शकत नाही. मला उठून जायला लागतं.

शिवाय पोराची शाळा इथून पाच मिनिटांवर आहे. क्वार्टर्स फायर स्टेशनच्या वरच आहेत. बदली झाली असती तर घर, शाळा, यांची ड्युटी, सगळंच हलवावं लागलं असतं. हेही एक कारण आहे, पण खरं कारण वेगळं आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्हाला एका जुन्या इमारतीची वर्दी आली होती. लाकडी जिना, तळाशी मीटरबॉक्स. आग म्हणाल तर एवढीशी, पण वायरींच्या रबराचा धूर जिन्यातून धुराड्यासारखा थेट वर चढलेला. चौथ्या मजल्यावर एक आजी न्हाणीघरात अडकल्या होत्या. माझ्या पुढे गेलेला जवान दार वाजवत होता आणि त्या कडी काढत नव्हत्या. मला लगेच कळलं का ते. मी पुढे झाले. मास्कमधून आवाज घुमतो, बाईचा की पुरुषाचा ते कळत नाही. दाराला तोंड लावून ओरडले, "आजी, मी मुलगी आहे, उघडा." पुन्हा ओरडले. मग कडी निघाली. अंगाला ओलं पातळ कसंबसं धरलेलं, डोळे धुराने लाल. खोलीतली चादर ओढून त्यांना गुंडाळलं आणि पाठीवर घेतलं. भरतीच्या वेळी आमच्याकडून ५० किलोची डमी उचलून घेतात ना, आजी त्याहून हलक्या होत्या. तोवर खालच्या पोरांनी वीज तोडून घेतली होती, वरच्या माळ्याची तावदानं फोडून धुराला वाट करून दिली होती. तरी जिन्यात पायाखालचं दिसत नव्हतं. एका हाताने भिंत चाचपत उतरले. आणि आई, त्या सबंध जिन्यात आजी माझ्या कानात एकच सांगत होत्या, "पोरी, पातळ सारखं कर गं, खाली माणसं असतील."

खाली आल्यावर आधी मी त्यांचं पातळ सारखं केलं, मग त्यांना अँब्युलन्सकडे दिलं.

अशा बाया दर थोड्या दिवसांनी भेटतात. कोणी बाळंतीण असते, कोणी नुसती घाबरून माजघरात बसलेली असते, कोणाला परक्या पुरुषाने उचललेलं नको असतं. जीव गेला तरी चालेल पण लाज जायला नको, असं आपल्या बायांना कोणी आणि कधी शिकवलं कोण जाणे, मला त्याचा फार राग येतो. पण त्या घडीला राग कामाचा नसतो, दाराशी बाई असावी लागते. आमच्यात बाया आहेतच किती? मी खुर्चीवर जाऊन बसले तर या स्टेशनच्या गाडीवरची एक बाई कमी होईल. म्हणून नाही म्हटलं.

आता तुमच्या काळजीचं बोलते. खोटं सांगून तुमचं समाधान करणार नाही. काळबादेवीच्या वेळी अण्णा रात्रीच्या एसटीने उभ्याउभ्या आले होते, ते मी विसरलेले नाही. २०१५ च्या त्या आगीत आमच्या दलाचे चार अधिकारी गेले, त्यात आमचे प्रमुखही होते. जुनी इमारत आगीत कोसळली. धोका आहे. पण म्हणून आम्ही डोळे मिटून आत उडी घेतो असं नाही. आत जाताना कधीच एकटं जायचं नसतं, जोडीनेच जायचं आणि जोडीनेच बाहेर यायचं. पाठीवर बी.ए. सेट असतो, म्हणजे हवेचा सिलिंडर आणि मास्क. बाहेर एक माणूस नुसता याच कामाला उभा असतो. कोण आत गेलं, किती वाजता गेलं, सिलिंडरमध्ये हवा किती होती, हे सगळं तो बोर्डावर मांडतो. हवा संपत आली की माझ्या पाठीवरच शिटी वाजायला लागते. ती वाजायच्या आतच बाहेर पडायचं, हा आमचा नियम आहे, आणि मी नियम मोडणारी नाही हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत कधी छडी खाल्ली का मी?

आणि रोज काही आग नसते. पावसात झाड पडलं, लिफ्टमध्ये म्हातारं जोडपं अडकलं, पोराने आतून कडी लावून घेतली, रस्त्यावर ऑइल सांडून मोटरसायकली घसरायला लागल्या की माती टाकायला चला, संक्रांतीला मांजात अडकलेली घार सोडवा, अशीच कामं जास्त. ती घार सोडवताना मला बोचकारलं होतं, तो फोटो बघून आईने दोन दिवस जेवण सोडलं. आता बरं झालंय. व्रणसुद्धा दिसत नाही.

आपल्याकडे १४ एप्रिल म्हटलं की निळे झेंडे आणि अण्णांचा फेटा. मी त्या दिवशी सकाळी परेडला असते. १९४४ साली याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला. आग विझवत असतानाच दुपारी चारनंतर स्फोट झाले आणि आपल्या दलाचे ६६ जवान गेले. देशभर अग्निशमन दिन त्यांच्यासाठीच पाळतात. परेडला उभी असताना मला त्यांच्या आयांचं मनात येतं, आणि मग तुझं मनात येतं, आई. म्हणूनच त्या दिवशी मी तुला दुपारी नाही, सकाळीच फोन करते. आज आम्ही कुठल्याही गोदामापुढे गाडी लावली की पहिला प्रश्न विचारतो, आत काय भरलंय? उत्तर मिळाल्याशिवाय साहेब आम्हाला आत सोडत नाहीत.

खाण्यापिण्याची चिंता नको. सकाळी घरचा डबा असतो, रात्री वर्दी नसेल तर सगळे मिळून स्टेशनवरच काहीतरी करतो. परवा मी पिठलं केलं होतं, तुझ्यासारखी लसणाची फोडणी देऊन. पातेलं पुसून खाल्लं पोरांनी. वर्दीहून आलं की आधी आंघोळ आणि मग चहा, हे ठरलेलं. धुराचे कपडे मी घरात आणत नाही, खालीच धुवायला टाकते. बूट नवीन मिळाले, मापाचे आहेत, टाच चावत नाही. खोकला नाही. झोपही लागते. घंटा क्वार्टर्समध्ये ऐकू येते, पण पोरगं इतकं सरावलंय की कूससुद्धा बदलत नाही. मी रात्री खाली असले की तुमचे जावई त्याला झोपवतात, सकाळी भाकरीसुद्धा थापतात. कडा जाड होतात, पण फुगते. आईने मनात शंका ठेवू नये, आमच्या घरात यावरून एक शब्दही होत नाही.

अण्णा, वरच्या आळीची गंजी पेटली ती रात्र आठवते? तुम्ही विहिरीवर उभे राहून घागरी भरून देत होता. मी फ्रॉकवर तशीच पळत आले होते. आई मागून हाका मारत होती. तुम्ही मला घरी जा म्हणालात, मी गेले नाही. मग तुम्ही ओरडला नाहीत. माझ्या हातात तांब्या दिलात आणि रांगेत उभं केलंत, सगळ्यात शेवटी. माझा तांब्या कोणाच्या काय उपयोगाचा होता? पण तुम्ही तो प्रत्येक वेळी भरून दिलात. घरी आल्यावर माझे पाय मांडीवर घेऊन काटे काढलेत. आई, तू त्या रात्री मला दूध-भाकरी भरवलीस आणि एवढी मोठी घोडी झालीस तरी भरवावं लागतं म्हणालीस. मला अजून कधी कधी रात्रपाळीहून आलं की वाटतं, कोणीतरी तसं भरवावं.

बरं, आता नीट ऐका. हे सांगणं नाही, हुकूम आहे.

बांध पेटवायचा नाही. या उन्हाळ्यात अजिबात नाही. अण्णा, तुम्ही एकटे दुपारच्या वाऱ्यात आगपेटी घेऊन शेतात जाता हे दादाने मला सांगितलंय, त्याच्यावर रागवू नका. वारा फिरला की आग माणसापेक्षा जोरात पळते, आणि तुमच्या छातीत आता स्टेंट आहे. गवत कापून घ्या, मी मजुरीचे पैसे पाठवते. कडब्याची गंजी विजेच्या तारांखाली रचली आहे, ती हलवा. तारा वाऱ्याने एकमेकींना घासल्या की ठिणगी खालीच पडते. गोठ्यापासूनही लांब ठेवा. कारखान्याचा बंब येईपर्यंत काही उरत नाही.

आई, गॅसची नळी बदल. त्या नारिंगी नळीवर साल छापलेलं असतं, पाच वर्षांच्या वर वापरायची नाही. अजून चालतेय, हे मला सांगू नकोस. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि १९०६ ला फोन करायचा. हा गॅस जड असतो, खाली जमिनीलगत साठतो, वास कमी झाला म्हणून आत जाऊन चूल पेटवायची नाही. तळणीतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण ठेवायचं. चुलीपुढे बसताना ती गुळगुळीत नायलॉनची साडी नको, सुती नेस. ताईने दिलेली म्हणून नेसतेस ते कळतं मला, लग्नाकार्याला नेस. भाजलंच तर टूथपेस्ट नाही, हळद नाही, वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. पाण्यातला हिटरचा रॉड बटण बंद करून, पिन काढून मगच हात लावायचा. छोटे, हे दोन्ही नंबर मोठ्या आकड्यांत लिहून फोनजवळ चिकटव: अँब्युलन्सला १०८, बाकी सगळ्याला ११२.

अण्णांच्या गोळ्या सकाळी जेवणाआधीच्या आणि रात्रीच्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. रक्त पातळ होण्याची गोळी बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करायची नाही. दम लागला तर "जरा पडून राहतो" असं नाही म्हणायचं, दादाला हाक मारायची.

फार बोलले का? राग मानू नका. तुम्ही दोघं तिथे आणि मी इथे, तेव्हा तोंडच तेवढं चालवता येतं.

दिवाळीत मी येणार नाही. त्या दिवसांत आमच्या कोणालाच रजा मिळत नाही, फटाक्यांच्या वर्द्या रात्रभर असतात. भाऊबीजेला दादाला म्हणावं, मनात धरू नकोस. तुम्ही मात्र ६ डिसेंबरला चैत्यभूमीला येणारच आहात, तर या वेळी गर्दीच्या गाडीने नको, दोन दिवस आधी या. मी स्टँडवर घ्यायला येते, मला वर्दी असली तर हे येतील. रांगेत आईच्या गुडघ्यांना त्रास होतो, त्यामुळे पहाटेच जाऊन दर्शन घेऊ. आणि लगेच परतायचं नाही, पंधरा दिवस राहायचं. अण्णा, खालच्या पोरांना तुम्हाला भेटायचंय. गाडी कशी सुटते ते एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा, तुम्हाला निदान एवढं तरी कळेल की आम्ही कशी तयारीने जातो. मग पुन्हा बोलू या विषयावर. तुमचं म्हणणं मी ऐकून घेईन, पण कळवलेलं मी फिरवणार नाही, एवढं मनाशी धरून या.

येताना वाघ्या घेवडा आणा, पण पिशवी आईने उचलायची नाही. अण्णांच्या रिपोर्टची फाईल विसरू नका, इथे एकदा दाखवून घेऊ. नळीचे आणि मजुरीचे पैसे दादाच्या खात्यात टाकले आहेत. नळी बदलली की छोटीला फोटो पाठवायला सांगा.

तुमची,
बाळी