कॅपिटल-स्मॉलचा भेद पासवर्डपुरताच असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारव्हा तालुक्यातील एका गावात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवतो. मागच्या खरिपात पीकविम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना एका शेतकऱ्याने सदऱ्याच्या खिशातून घामाने ओलसर झालेली चिठ्ठी काढून माझ्यासमोर ठेवली. तीवर पुतण्याने युजर आयडी आणि पासवर्ड लिहून दिला होता, पण आयडीतला एस कॅपिटल की स्मॉल, हे आम्हा दोघांनाही कळेना. हाताने लिहिलेल्या सी, ओ, एस, व्ही, एक्स, झेड यांची दोन्ही रूपे सारखीच दिसतात, फरक काय तो उंचीचा. पुतण्या पुण्याला कामावर, फोन उचलेना. काही प्रयत्नांनंतर खाते दिवसभरासाठी बंद पडले. "स मोठा का लहान, असं कधी असते का जी?" असे त्यांनी विचारले. देवनागरीत तो भेदच नसल्याने मला उत्तर सुचले नाही.

संगणकाच्या बाजूने पाहिले तर भेद खराच आहे. प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतावलीत कॅपिटल ए म्हणजे 65 आणि स्मॉल ए म्हणजे 97, म्हणून यंत्राला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. परंतु हे अंतर प्रत्येक अक्षराला नेमके 32 असल्याने ते दुर्लक्षित करणे प्रोग्रामरला मुळीच अवघड नाही. संकेतस्थळाचे नाव कसेही टाइप केले तरी ते उघडतेच. विंडोजमध्येही फाइलचे नाव शोधताना हा भेद सहसा आड येत नाही, लिनक्स या दुसऱ्या संगणक प्रणालीत मात्र येतो.

पासवर्डची गोष्ट वेगळी. केवळ अक्षरांच्या आठ-अक्षरी पासवर्डमध्ये दोन्ही रूपे वेगळी मानली, तर संभाव्य जुळण्या 256 पटींनी वाढतात, तेव्हा तिथे ही कटकट सोसलीच पाहिजे. युजर आयडी मात्र माणसाची ओळख आहे, गुपित नव्हे. तिथे या भेदाने सुरक्षितता फारशी वाढत नाही, आमच्याकडची रांग मात्र वाढते. कॅप्चाचेही, म्हणजे अर्ज भरणारा माणूसच आहे हे तपासायला चित्रातली वेडीवाकडी अक्षरे टाइप करायला लावतात त्याचेही तेच, त्यातच मोबाइलचा कीबोर्ड पुष्कळदा पहिले अक्षर आपणहून कॅपिटल करून ठेवतो.

शासकीय संकेतस्थळे तयार करणाऱ्यांनी युजर आयडी आणि कॅप्चा यांतून हा भेद काढून टाकावा. पॅन किंवा बँकशाखेचा आयएफएससी कोड स्मॉलमध्ये भरल्यावर लाल अक्षरांत चूक दाखवण्याऐवजी ती अक्षरे संगणकानेच कॅपिटल करून घ्यावीत.

आपला,
एक केंद्रचालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ