छायाचित्राखाली खेळाच्या नावासोबत मॉडेल क्रमांकही छापावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हातात धरून खेळायच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक खेळांवर आलेला लेख आवडीने वाचला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'गेम अँड वॉच' मालिकेची आणि तिचे जनक गुनपेई योकोई यांची ओळख लेखकाने आस्थेने करून दिली आहे. मात्र एका छायाचित्राखाली 'फायर, १९८०' असे छापले आहे आणि चित्रातले यंत्र १९८० चे नाही. तो रुंद पडद्याचा 'फायर' आहे; त्याचा मॉडेल क्रमांक एफआर-२७ असून तो डिसेंबर १९८१ मध्ये निघाला. १९८० चा 'फायर' म्हणजे आरसी-०४, लहान पडद्याचा आणि रुपेरी मालिकेतला. जळत्या इमारतीतून उड्या टाकणाऱ्यांना झोळीत झेलत रुग्णवाहिकेपर्यंत पोचवायचे, हा खेळ दोन्हींत तोच असल्याने नावावरून त्यांतला भेद कळणे शक्यच नाही.

चूक लहान आहे, हे मान्य. तरीही पत्र लिहावेसे वाटले, कारण अशाच अर्धवट माहितीवर आता जुन्या वस्तूंचे व्यवहार होऊ लागले आहेत. सोलापुरातही जुन्या बाजारात किंवा एखाद्या घराच्या आवराआवरीत असे यंत्र निघाले, की त्याचा समोरून एक फोटो काढून मोबाइलवर फिरवला जातो आणि किंमत खेळाच्या नावावर ठरते.

या मालिकेतील क्रमांकाची रचना समजायला कठीण नाही. आधी दोन अक्षरे येतात, ती खेळाची. नंतर आकडा येतो, तो यंत्राच्या घडणीचा. एप्रिल १९८० मध्ये आलेला पहिला 'बॉल' एसी-०१ आहे. रुपेरी आणि सोनेरी मालिका मिळून आकडे ०८ पर्यंत जातात, रुंद पडद्याचे खेळ २१ पासून सुरू होतात, दोन पडद्यांचे घडीचे खेळ ५१ पासून, टेबलावर ठेवायचे ७१ पासून आणि नवे रुंद पडद्याचे १०१ पासून. आपल्याकडे टॉवेल-चादरींच्या व्यापारात डिझाइन आणि साइज वेगवेगळे सांगतात, तसाच हा प्रकार आहे. 'पोपाय' टेबलावरच्या यंत्रात पीजी-७४ आहे आणि आरशात चित्र दाखवणाऱ्या पॅनोरमा यंत्रात पीजी-९२. खेळ तोच असल्याने अक्षरे तीच राहिली, घडण बदलल्याने आकडा बदलला.

हा नियम सगळीकडे पाळला गेला असता तर बरे झाले असते, पण तसे नाही. फायरची अक्षरे बदलली, हे वर आलेच. 'मॅनहोल'ही आधी एमएच-०६ आणि नंतर एनएच-१०३ आहे. अक्षरांवरून नाव ओळखू पाहणाऱ्याचीही फसगत होते. पीआर-२१ म्हणजे 'पॅराशूट' आणि ओसी-२२ म्हणजे 'ऑक्टोपस' इथपर्यंत सोपे वाटते, पण 'शेफ' एफपी-२४ निघतो आणि 'लाइफबोट' टीसी-५८. जेआर-५५ हा 'डाँकी काँग ज्युनिअर' असेल असे कोणालाही वाटेल. तो 'डाँकी काँग २' आहे आणि नव्या रुंद पडद्याच्या 'ज्युनिअर'चा क्रमांक डीजे-१०१ आहे.

त्याहून मोठा गैरसमज आकड्याबाबत आहे. मोठा आकडा म्हणजे नंतरचे यंत्र, असे विकणारेही सांगतात आणि घेणारेही मानतात. प्रत्यक्षात हा आकडा मालिकेचा आहे, काळाचा नाही. डीजे-१०१ ऑक्टोबर १९८२ मध्ये आला आणि 'मारिओ ब्रदर्स'चा एमडब्ल्यू-५६ त्यानंतर, मार्च १९८३ मध्ये. 'झेल्डा'चा झेडएल-६५ तर १९८९ चा आहे, म्हणजे १९८६ च्या वायएम-८०१ नंतर तीन वर्षांनी आलेला. हा वायएम-८०१ पारदर्शक पडद्याचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आहे. त्याच खेळाचा वायएम-१०५ साध्या घडणीत १९८८ मध्ये विक्रीला आला, आणि वायएम-९०१ कधी विक्रीला आलाच नाही. १९८७ मध्ये जपानमधल्या एका स्पर्धेतील विजेत्यांसाठी त्याचे १०,००० नग बक्षीस म्हणून काढले होते. नुसते 'सुपर मारिओ' म्हणून सौदा करणाऱ्याने या तिघांपैकी काय घेतले, हे त्याचे त्यालाच सांगता येणार नाही.

उलट बाजूने, नावे वेगळी आणि खेळ एकच, असेही आहे. एमसी-२५ 'मिकी माऊस' आणि ईजी-२६ 'एग' हे दोन्ही घरंगळणारी अंडी टोपलीत झेलण्याचे खेळ आहेत. सोव्हिएत संघात 'इलेक्ट्रॉनिका' नावाने निघालेले आयएम-०२ हे यंत्र याच खेळाची नक्कल आहे. त्यालाही अक्षरे आणि आकडा असला, तरी तो निन्टेन्डोच्या क्रमात शोधू नये.

अर्थात क्रमांकाने सगळेच कळते असेही नाही. 'जज' हिरव्या आणि जांभळ्या अशा दोन रंगांत मिळतो आणि दोन्हींचा क्रमांक आयपी-०५ हाच आहे. तिथे रंग लिहिणे भाग आहे. प्रत्येक नगाचा अनुक्रमांक ही आणखी वेगळी गोष्ट असून तो मॉडेल क्रमांकाच्या जागी लिहू नये.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी मूळ 'गेम अँड वॉच' पाहिलेला नसेल. नव्वदच्या दशकात गड्डा यात्रेतून मुलांनी हट्टाने घेतलेला व्हिडिओ गेम म्हणजे विटा रचायचा, '९९९९ इन १' छापलेला. तो आकडा मॉडेलचा नव्हता आणि खेळांचाही खरा नव्हता. मोजकेच खेळ वेग आणि पातळी बदलून पुन्हा पुन्हा मोजलेले असत. त्या यंत्रांनाही कोणीतरी नीट नोंदवायला हवे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढील अंकात त्या छायाचित्राची ओळ 'फायर, एफआर-२७, रुंद पडदा, १९८१' अशी दुरुस्त करून छापावी आणि लेखमाला पुढे चालू राहणार असल्यास प्रत्येक चित्राखाली क्रमांक द्यावा. वाचकांकडून छायाचित्रे मागवणार असाल, तर यंत्राची मागची बाजू आणि बॅटरीचे झाकण उघडून काढलेले चित्रही सोबत मागवावे. क्रमांकाची खात्री करता येईल आणि जुन्या बटण-बॅटऱ्या गळून आतले पत्रे गंजले आहेत का, हेही दिसेल.

आपला विश्वासू,
एक वाचक, सोलापूर