टाळ्या चुकीच्या दगडाला वाजल्या होत्या

काका, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

मी भूगोल शिकवते. कार्बनचक्र म्हटलं की फळ्यावर झाड, गाय, माणूस आणि गोल फिरणारे बाण, हेच वर्षानुवर्षं काढत आले. यंदा नववीतल्या एका पोराने विचारलं, "मॅडम, झाड मेलं की कार्बन हवेत परत जाते म्हणता, मंग उमरेडच्या खाणीत कोळसा काहून उरला?" मला धड सांगता येईना. संध्याकाळी फिरायला निघालेल्या तुम्हाला सोसायटीच्या फाटकाशी अडवलं, आणि शनिवारी तुम्ही पिशवी घेऊन वर्गात हजर!

आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सचा काळा दगड आणि देवलापारकडचा पांढरा संगमरवर तुम्ही टेबलावर शेजारी ठेवलेत. ड्रॉपरने सौम्य आम्लाचा एकेक थेंब सोडलात. पांढरा फसफसला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, काळा ढिम्म. तुम्ही म्हणालात, "टाळ्या चुकीच्या दगडाला वाजवल्या रे."

पुढचा अर्धा तास मी मागच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होते. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतो. तो बेसॉल्टला, म्हणजे त्या काळ्या दगडाला, हळूहळू झिजवतो. त्यातून कॅल्शियम सुटतं आणि हवेतल्या कार्बनचा बायकार्बोनेट होतो, पाण्यात विरघळलेला, डोळ्यांना न दिसणारा. कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी करत तो बंगालच्या उपसागरात पोहोचतो. वाटेत गोसीखुर्दच्या धरणात बराच गाळ अडतो, विरघळलेलं मात्र पुढे निघून जातं. समुद्रातले जीव त्यातून कवच बांधतात आणि मेले की तळाच्या गाळात जमा होतात. कवचासाठी बायकार्बोनेटचे दोन कण लागतात. एकातला कार्बन कवचाच्या चुन्यात अडकतो, दुसऱ्यातला परत हवेत. काळ्या दगडाच्या हिशेबात ते दोन्ही हवेतून आलेले, म्हणून एक कायमचा गाडला गेला. पांढऱ्यात एक हवेतला, एक दगडाचा स्वतःचाच, म्हणून शेवटी शिल्लक शून्य. तो संगमरवर म्हणजे फार जुन्या समुद्रतळाचाच चुना, जमिनीखाली दाबून-तापून बदललेला, हे ऐकून पोरं एकदम गप्प झाली.

घरी बोअरचं पाणी उकळतो त्या पातेल्याचा तळ बघा, असं तुम्ही सांगितलंत. सोमवारी एक मुलगी पातेलंच घेऊन आली. तळाच्या पांढऱ्या खरखरीत थरावर तिने लिंबू पिळलं, बारीक बुडबुडे आले. समुद्रात होतं तेच आपल्या चुलीवर होतं, हे तिने अख्ख्या वर्गाला समजावलं. मी एक शब्दही बोलले नाही.

कोळशाचं उत्तरही मिळालं. झाडं दलदलीत पडली, हवेशिवाय कुजणं अर्धवट राहिलं, वर गाळाचे थर चढले. कामठी-उमरेडचा कोळसा असा 25 कोटी वर्षांपलीकडचा. मग त्याच पोराने विचारलं, एवढा काळा दगड आपल्याकडे आहे, तर कोराडीच्या वीजकेंद्राचा धूर तोच खाऊन टाकेल ना? हो म्हणून पोरांना खूश करणं सोपं होतं. तुम्ही म्हणालात, "खाईल, पण लाखो वर्षं लावेल. माणूस वर्षाला साडेतीन हजार कोटी टनांवर कार्बन डायऑक्साइड सोडतो. जगभरचे असे दगड मिळून त्यातला शंभरात एखाद-दुसरा हिस्सा घेतात." पोरांशी खरं बोललात, याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत.

फळ्यावरच्या चित्रात आता झाडाच्या खाली दगड आहे, नदी आहे, समुद्राचा तळ आहे. बाण काढायला जागा पुरत नाही.

दिवाळीनंतर वर्ग आंभोऱ्याला न्यायचाय, जिथे कन्हान वैनगंगेला मिळते. तुम्ही यायलाच हवं. तुमची ड्रॉपरची बाटली आमच्याकडेच राहिली आहे, ती पोरं तिथेच परत देणार म्हणतात.

तुमची,
शेजारची मास्तरीण