‘चालायला जा’ एवढ्याने भागत नाही

संपादक महोदय,

पन्नाशी-साठीनंतरचं नैराश्य रडण्यापेक्षा ‘अंग दुखतं’, ‘पहाटे तीनलाच जाग येते’, ‘जेवण नको वाटतं’ यांतूनच जास्त कळतं. घरचे ‘चालायला जा’ म्हणून मोकळे होतात. पण या आजारात उठण्याचीच उमेद गेलेली असते. म्हणून सुरुवात १० मिनिटांनी, ठरलेल्या वेळी, शक्यतो कुणाच्या तरी सोबतीने करावी आणि दर आठवड्याला पाचेक मिनिटं वाढवावीत. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. मात्र २०२२च्या एका मोठ्या विश्लेषणात त्याच्या निम्म्या हालचालीलाही नैराश्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी दिसला. (भाजी आणायला पायी जाणंही यात धरा.) गुडघे कुरकुरत असतील तर भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून ८-१० वेळा उठबस करावी. रविवारी दोन तास फिरायचं आणि सोमवारी अंथरूण धरायचं, ही नेहमीची चूक. बीपीच्या गोळीमुळे उठताना चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. चालणं जमू लागलं म्हणून नैराश्याच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. जगणंच नको वाटत असेल तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

– एक फिजिओथेरपिस्ट, सातारा