कागदी तुती लावा म्हणताना एवढं तरी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत बंगल्याभोवती झटपट सावली देणाऱ्या झाडांवरचा लेख वाचला. त्यातला कागदी तुतीचा परिच्छेद वाचल्यापासून चैन नाही, म्हणून आज सकाळीच लिहायला बसले. लेखक म्हणतात, झाड भराभर वाढतं, कसल्याही जमिनीत येतं आणि त्याला छाटणी, निगा काही लागत नाही. पहिल्या दोन गोष्टी अगदी खऱ्या आहेत. तिसरी छापण्याआधी हे झाड ज्याच्या परसात आहे अशा एखाद्या माणसाला विचारायला हवं होतं.

यजमानांच्या नोकरीपायी आम्ही अकरा वर्षं डेहराडूनला होतो. तिथं नाल्याकाठी, मोकळ्या प्लॉटवर, रस्त्याच्या कडेला हे झाड जिथं तिथं उगवलेलं असतं. आमच्या भाड्याच्या घराच्या परसातही भिंतीला लागून एक होतं. सुरुवातीला मला ते फार आवडलं. एकाच फांदीवर तीन तऱ्हेची पानं असत : एक अखंड, एक बाजूनं कातरल्यासारखं, एक पंजासारखं. वरून हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी खरखरीत, खालून मऊ लव.

मार्चमध्ये पालवीबरोबर तुरे आले. सुरवंटासारखे, बोटभर, लोंबते. सकाळचं ऊन पडलं की त्या तुऱ्यांतून धुराची बारीक फुंकर निघावी तशी पूड उडे. एकीकडून उडाली की थोड्या वेळानं दुसरीकडून. धुणं वाळत घालताना मी ते बघत उभी राहत असे. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. त्याला आधी शिंका सुरू झाल्या, मग डोळे लाल, मग रात्री छातीत सूं-सूं. दोन वर्षं आम्ही सर्दी समजून काढे आणि वाफारे दिले. तिसऱ्या वर्षी एका वयस्कर डॉक्टरांनी त्याची छाती तपासली आणि विचारलं, ‘घराच्या मागं झाड कोणतं आहे?’ तोवर हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता.

या तुतीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं. नराचे परागकण वाऱ्यावर जातात आणि त्यांची ॲलर्जी अनेकांना होते. इस्लामाबाद वसवताना 1960 च्या दशकात तिथं हिरवाईसाठी हीच झाडं लावली. आता दर मार्च-एप्रिलला तिथं दम्याच्या रुग्णांचे हाल होतात आणि सरकारला वर्षानुवर्षं झाडं तोडत बसावं लागतं आहे. मग मादी झाड लावावं, तर त्याला नारिंगी गोल फळं येतात, पाखरं ती खातात आणि बी गावभर नेऊन टाकतात.

आम्ही घरमालकांना विचारून झाड तोडलं. सुटलो असं वाटलं. पहिल्या पावसात धुण्याच्या दगडाच्या फटीतून कोंब आला, मग मोगऱ्याच्या वाफ्यात, मग शेजारच्यांच्या मोरीपाशी. त्या आठवड्यात मी एकोणीस मोजले. ओढला की वरचा तुकडा हातात येई, पांढरा चिकट चीक बोटांना लागे आणि मूळ खालीच राही. तीन पावसाळे यजमान कुदळ घेऊन मुळांमागं खणत होते. आमच्यामुळं आपली मोरी उखडली, असं शेजारच्या वहिनींनी तोंडावर सांगितलं, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

लेखात जपानी कागदाचं कौतुक आहे. ते योग्यच आहे. या जातीच्या सालीपासून तिथं होणाऱ्या वाशी कागदाच्या कलेला 2014 साली युनेस्कोच्या वारशात स्थान मिळालं. पण ते लोक हे झाड ठेवतात कसं, हेही लिहायचं होतं. दर हिवाळ्यात ते फांद्या बुडापासून कापतात, वाफवतात आणि साल सोलून घेतात. टोंगा, फिजीकडं सालीचं कापड करणारे बाजूचे फुटवे कोवळे असतानाच खुडतात, म्हणजे सालीला भोक पडत नाही. याला निगा म्हणतात. जिथं माणूस दर वर्षी विळा घेऊन झाडाजवळ जातो तिथं ते ताब्यात राहतं. लावून विसरून जाणाऱ्यासाठी हे झाड नाही. ज्यांना मनापासून हवं असेल त्यांनी जरूर लावावं, पण भिंत, ड्रेनेज आणि पाण्याच्या टाकीपासून लांब. कोंब हातभर व्हायच्या आत मुळासकट काढावेत. आणि बियांचं रोप घेऊ नये, कारण फुलं येईपर्यंत ते नर की मादी हे कुणालाच सांगता येत नाही. माहीत असलेल्या मादी झाडाच्या मुळावरचा फुटवाच घ्यावा. नुसती सावली हवी असेल तर आपल्याकडं कडुनिंब आहे, करंज आहे.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो कागदी तुतीचा नाहीच. काळी, लांबट फळं दिसतात ती आपली खायची तुती. अशानं लोक नर्सरीत जाऊन तुती मागतील आणि जे हातात पडेल ते घेऊन येतील. मागंही पुरवणीत कण्हेरीच्या मजकुराला भलत्याच झाडाचा फोटो होता. तेव्हा मी पोस्टकार्ड पाठवलं होतं, दुरुस्ती काही आली नाही.

या वेळी मात्र येत्या रविवारीच दुरुस्ती छापा. पाऊस तोंडावर आहे. तुमच्या लेखाचा फोटो कालपासून आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर फिरतो आहे आणि कुंपणाच्या कडेनं वीस रोपं लावायची म्हणून वर्गणी काढायचं चाललं आहे. त्या कुंपणाला लागून असलेल्या दोन घरांतली मुलं आजही इनहेलर घेतात.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा