सशाचा हिवाळा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पिंजऱ्यात उबेसाठी बल्ब सोडू का, असं विचारलंयस. सोडू नकोस. सशाच्या दातांना वायर आणि मुळी यांतला फरक कळत नाही, आणि खाली तर सगळा पेंढाच. वायर कुरतडली तर शॉक, ठिणगी पडली तर आग.

मुळात तू थंडीला भितोयस आणि ओलीकडे तुझं लक्ष नाही. निरोगी, धडधाकट ससा कोरड्या थंडीत मजेत राहतो. त्याला खरा त्रास उन्हाळ्यात, पारा २८ अंशांच्या वर गेला की. थंडीच्या आधी अंगावर दाट केस येतात आणि त्यांच्या तळाशी हवा अडकून राहते. ऊब धरते ती ही हवा. केस भिजले की चिकटतात, हवा निघून जाते, आणि मग जेमतेम गारठ्यातही ससा काकडतो. म्हणून त्याला आंघोळ कधीच नको. मागची बाजू घाण झाली तर तेवढीच ओल्या फडक्याने पूस आणि लगेच कोरडी कर.

पिंजरा जमिनीपासून निदान वीतभर वर असू दे. पाठ वाऱ्याकडे, छपराला मागे उतार, आणि छप्पर भिंतींच्या चार-पाच बोटं पुढे आलेलं. रात्री जाळीवर ताडपत्री सोड, पण वरची चार बोटं उघडी ठेव. इथेच बहुतेक जण चुकतात. मायेपोटी पिंजरा चारी बाजूंनी गच्च बांधतात. मग श्वासाची वाफ आत कोंडते, लघवीतला अमोनिया साठतो आणि सशाची छाती बिघडते. सकाळी ताडपत्री उचललीस की तिच्या आतल्या बाजूवर हात फिरव. पाण्याचे थेंब लागले तर फट वाढव. मग सशाच्या उंचीला नाक नेऊन हुंग. तुझं नाक चुरचुरलं तर त्याचं रात्रभर चुरचुरलेलं असतं.

आत झोपायला वेगळी लाकडी पेटी हवी. २ किलोच्या सशाला साधारण ५० सेंमी लांब, ४० रुंद आणि ३५ उंच पुरते. त्याला पसरून झोपता आणि वळता आलं पाहिजे, पण त्याहून फार मोठी नको, कारण रिकामी जागा तापवायला त्याच्याकडे फक्त त्याचं अंग आहे. दार मधोमध पाडू नकोस, एका कोपऱ्यात पाड, म्हणजे वारा थेट अंगावर येत नाही. तळाला वर्तमानपत्राचे आठ-दहा थर आणि त्यावर १५ ते २० सेंमी पेंढा. पेंढ्याची काडी पोकळ असते, आत हवा धरते, आणि ससा स्वतःच त्यात बोगदा करून बसतो. गोधडी किंवा जुना स्वेटर घालायचा मोह होईल. नको. कापड लघवी शोषून थंडगार होतं, आणि कुरतडलेले धागे पोटात जातात. थर्माकोल वापरायचाच तर दोन फळ्यांच्या मध्ये, दात पोचणार नाहीत असा.

लघवीच्या कोपऱ्यातला ओला पेंढा रोज काढ. ओल्यावर बसून पायाचे तळवे सोलतात आणि त्या जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. आठवड्यातून एकदा सगळा बदल, फक्त मूठभर कोरडा जुना पेंढा परत टाक. ओळखीचा वास राहिला की तो बावरत नाही.

आता पोट, कारण सशाची शेगडी तिथे आहे. वाळलेलं गवत आतड्यात आंबतं आणि त्यातून उष्णता तयार होते. म्हणून गवत कधी संपू देऊ नकोस. निदान त्याच्या अंगाएवढा ढीग रोज, आणि रात्रीसाठी ताजा. गोळीखाद्य एरवी वजनाच्या किलोमागे २५ ग्रॅमच्या आसपास पुरतं. थंडीत किंचित वाढवता येईल, पण दर आठवड्याला त्याला तराजूवर ठेवून बघ आणि मगच ठरव. गाजर, फळं अशी गोड चंगळ करून ऊब येत नाही, जुलाब होतात.

पाणी गोठण्याइतकी थंडी पडली तर फसगत अशी होते: पिंजऱ्याला टांगलेल्या बाटलीतलं पाणी पातळ दिसतं, पण तिच्या नळीच्या टोकाची धातूची गोळी गोठलेली असते. ससा चाटत राहतो, थेंब येत नाही. २ किलोच्या सशाला दिवसाला १०० ते ३०० मिली पाणी लागतं. ते मिळालं नाही तर आतड्यातलं सुकतं आणि पोट बंद पडतं. सकाळ-संध्याकाळ गोळी बोटाने दाबून बघ. बाटलीला जाड मोजा चढव, शिवाय जड मातीचं भांडं ठेव, आणि पाणी कोमट भर.

रात्री घरात, दिवसा बाहेर, असं मात्र करू नकोस. गारठ्यातून एकदम उबेत आणि पुन्हा उलट, हे त्याला सोसत नाही. म्हातारा, पिल्लू, रोडावलेला किंवा आजारी असेल तर आत घे, पण न तापवलेल्या खोलीत, आणि हिवाळा सरेपर्यंत तिथेच ठेव. गाडी उभी राहते तिथे तर मुळीच नको, धूर असतो.

पहाटे आणि तिन्हीसांजेला ससे खेळकर असतात, तेव्हा त्याला पळू दे. बसून राहिलेला ससा लवकर गारठतो. सोबतीला दुसरा ससा असेल तर फारच छान, दोघं चिकटून झोपतात. पण थंडी पडली म्हणून अनोळखी ससा रातोरात आत ढकलू नकोस, फाडाफाडी होईल. ओळख करून द्यायला आठवडे लागतात.

कान गार लागले म्हणून घाबरू नकोस, ऊब वाचवायला तो कानांतलं रक्त कमी करतो. पण कान गार, अंग ढिलं आणि हाक मारली तरी हलत नाही, असं दिसलं तर टॉवेलमध्ये गुंडाळ, कोमट पाण्याची बाटली फडक्यात बांधून कुशीला लाव आणि थेट डॉक्टरांकडे ने. ड्रायर नको, कढत पाणी नको, तोंडात बळेच काही घालू नकोस. दहा-बारा तास खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या, तर बाकी सगळं ठीक दिसलं तरी त्याच दिवशी दाखव.

पिंजऱ्याची मापं आणि वारा कुठल्या बाजूने येतो ते कळव, म्हणजे पेटीचं दार कुठे पाडायचं ते सांगतो.

तुझा,
विनय