पहिल्या नंबरची लेखी हमी आणि नवरात्रात गुगलवरून गायब झालेलं यात्री निवास

दि. १७ नोव्हेंबर २०२५
कोल्हापूर

प्रति,
मा. संचालक,
डिजिटल मार्केटिंग कंपनी, पुणे

विषय : वेबसाइट व गुगल प्रोफाइलच्या कामातील निष्काळजीपणा, पैसे परत मिळणे आणि प्रोफाइलची मालकी सोडणेबाबत

महोदय,

महाद्वार रोडच्या आतल्या बोळात आमचं १४ खोल्यांचं यात्री निवास आहे. सासऱ्यांनी काढलं, आता मी चालवते. ३० मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, तुमचे प्रतिनिधी आले. "काकू, सहा महिन्यांत गुगलवर पहिल्या नंबरला आणतो, लेखी देतो," म्हणाले. दिलंही. एप्रिल ते ऑक्टोबर दरमहा ७,५०० प्रमाणे ५२,५०० रुपये मी भरले, एकही हप्ता चुकवला नाही. आणि २२ सप्टेंबरला घट बसले तेव्हा आमचं यात्री निवास पहिल्या नंबरला राहू दे, शेवटच्यालाही नव्हतं. वेबसाइट गायब, नकाशावरची खूणही गायब.

नवरात्र म्हणजे आमच्या वर्षाचं पीक. त्या दिवसांत अंबाबाईच्या देवळाजवळ खोली मिळावी म्हणून लोक ओळखी काढतात. यंदा आमच्या पाच-सहा खोल्या रोज रिकाम्या राहिल्या. बाकीच्या भरल्या त्या वर्षानुवर्षं येणाऱ्या माणसांनी, गुगलनं नव्हे. तुम्हाला फोन केला की एकच उत्तर : "मॅडम, अल्गोरिदम बदललाय." अल्गोरिदम म्हणजे गुगलची क्रम लावायची पद्धत म्हणे. वीज गेल्यावर "वरूनच गेलीय" म्हणतात, तसं.

शेवटी माझी भाची दोन दिवस कॉम्प्युटरपुढे बसली. तिनं जे दाखवलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुन्हा अल्गोरिदमवर ढकलायला नको.

ऑगस्टमध्ये तुम्ही नवी वेबसाइट चढवलीत. काम चालू असताना ती गुगलला दिसू नये म्हणून 'नोइंडेक्स' अशी सूचना ठेवतात म्हणे. गुगलचा बॉट पानं वाचत फिरतो, वाचलेलं आपल्या साठ्यात ठेवतो आणि क्रम लावायचा प्रश्न त्यानंतर येतो. ज्या पानावर 'मला साठ्यात घेऊ नका' असं लिहिलंय त्याचा क्रम लागणार कुठून? काम संपल्यावर ती सूचना काढायला तुम्ही विसरलात. सेटिंगमध्ये एक टिक होती. एक टिक! सर्च कन्सोल या गुगलच्या फुकटच्या सोयीत हे कारण सरळ लिहून आलं होतं. तुम्ही ती सात महिन्यांत एकदा तरी उघडली होती का? शिवाय जुन्या पानांचे पत्ते बदलून टाकलेत आणि जुन्यावरून नव्याकडे पाठवायची सोयही केली नाहीत. एका जुन्या भाविकानं जपून ठेवलेली लिंक उघडली, तर 'पान सापडत नाही'.

दुसरं, नकाशावरच्या प्रोफाइलचं. आमच्या बोर्डावर जे नाव आहे तेच तिथे असायला हवं, असा गुगलचा नियम आहे. तुम्ही त्या नावाला 'बेस्ट चीप हॉटेल नियर महालक्ष्मी टेंपल कोल्हापूर' एवढं शेपूट जोडलंत. १६ सप्टेंबरला प्रोफाइल निलंबित झालं, घटस्थापनेच्या सहा दिवस आधी. स्थानिक निकालांत गुगल मुख्यतः तीन गोष्टी बघतं : शोधणाऱ्याला हवं ते आपल्याकडे आहे का, अंतर किती, आणि नाव किती ज्ञात आहे. यातलं अंतर आम्हाला सासऱ्यांच्या पुण्याईनं मिळालेलं आहे. उंबऱ्यातून निघालं की पाच मिनिटांत महाद्वार. ते एवढं आयतं असताना नावाशी खेळायची गरज काय होती?

रिव्ह्यूंबद्दल लिहायलाही लाज वाटते. जूनमध्ये एका आठवड्यात २२ रिव्ह्यू आले, सगळे पाच चांदण्यांचे. एकानं आमच्या स्विमिंग पूलची तारीफ केलीय. आमच्याकडे गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तीत कुणी पोहल्याचं मला माहीत नाही. विकतचे रिव्ह्यू नियमात बसत नाहीत हे तुम्हाला ठाऊक असणारच. पण खरं नुकसान वेगळंच आहे : सोलापूरच्या एका आजींनी आमच्या गरम पाण्याबद्दल मनापासून लिहिलेल्या चार ओळी त्या ढिगाऱ्यात खाली गेल्या.

लिंकांचंही तेच. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल काढलं ते याच कल्पनेवर, की एका साइटनं दुसरीला लिंक दिली म्हणजे एक प्रकारे मत दिलं, आणि वजनदार साइटच्या मताला वजन जास्त. तुम्ही हे वाचलंत आणि आमच्याकडे दूध संघाच्या निवडणुकीआधी ठराव गोळा करतात तशा लिंका गोळा करत सुटलात. परदेशातल्या जुगाराच्या साइटवरून कोल्हापूरच्या यात्री निवासाला लिंक! अशा विकतच्या मतांवर गुगलनं २०१२ पासून, म्हणजे क्रम लावायच्या पद्धतीत 'पेंग्विन' नावाचा बदल केल्यापासून, कडक धोरण ठेवलंय. कोल्हापूरच्या पर्यटनावर लिहिणाऱ्या एखाद्या चांगल्या साइटनं आमचा उल्लेख केला असता, तर तो एकटा पुरला असता.

मग ती गावांच्या नावाची ४० पानं. 'कागलमधील स्वस्त हॉटेल', 'गडहिंग्लजमधील स्वस्त हॉटेल', मजकूर सगळीकडे तोच, फक्त गाव बदललेलं. मे महिन्यात राधानगरीच्या बसस्टँडवरून एका गृहस्थांचा फोन आला, लहान मूल कडेवर रडत होतं, आणि ते विचारतायत, "तुमचं हॉटेल नेमकं कुठल्या बाजूला?" त्यांना काय सांगू, की पन्नासएक किलोमीटर पुढे या?

आता मराठी पानाबद्दल. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं : आम्ही कोल्हापूरकर अंबाबाई म्हणतो आणि म्हणत राहणार, पण बाहेरगावचे पुष्कळजण 'महालक्ष्मी मंदिर' असं टाइप करतात, तेव्हा दोन्ही शब्द मजकुरात सहज येऊ द्या. भाविक काय विचारतो तेही सांगितलं होतं : गाडी कुठे लावायची, म्हाताऱ्या माणसाला जिना चढावा लागेल का, किरणोत्सवाला पहाटे की संध्याकाळी जायचं. (संध्याकाळी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात.) यातलं एक अक्षर नाही. मशीननं केलेल्या भाषांतरात मात्र आमच्या खोल्यांत 'राणीच्या आकाराचा बिछाना' आलाय. आमच्याकडे लोखंडी कॉट आहेत.

तुमच्या मासिक अहवालात '२३ शब्दांवर पहिला क्रमांक' असं दरवेळी असायचं. त्यात आमच्या यात्री निवासाचं पूर्ण नाव होतं आणि '१४ खोल्यांचे यात्री निवास महाद्वार बोळ' असले, कुणाच्या बापजन्मी न शोधले जाणारे शब्द होते. स्वतःच्या नावानं हाक मारून स्वतःच ओ देण्यातला हा प्रकार. कुणीही पहिल्या नंबरची हमी देऊ शकत नाही, हे गुगल स्वतःच्या मार्गदर्शनात सांगतं. सुधारणांचं फळ दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, हेही तिथेच आहे. वेळ लागला म्हणून माझी तक्रार नाहीच.

भाचीनं ती टिक काढली, पानं पुन्हा तपासायची विनंती सर्च कन्सोलमधून केली, गावांची पानं उडवली, प्रोफाइलवर बोर्डावरचं नाव घातलं आणि बोर्डाचा फोटो, परवाना, लाइटबिल जोडून अपील केलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात खूण परत आली. दसरा तोवर होऊन गेला होता.

माझी मागणी अशी. एप्रिल-मेमध्ये तुमच्या मुलानं खोल्यांचे फोटो चांगले काढले, त्या दोन महिन्यांचे पैसे मी मागत नाही. उरलेल्या पाच महिन्यांचे ३७,५०० रुपये परत करावेत. प्रोफाइलवर तुम्ही स्वतःला मुख्य मालक आणि मला मॅनेजर करून ठेवलंय, ती मालकी माझ्या खात्याकडे द्यावी. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तोही तुमच्या नावावर घेतलाय, तो माझ्या नावावर करावा. याची पैशापेक्षा घाई आहे, कारण जानेवारीच्या अखेरीस पुढचा किरणोत्सव आहे. विकत घेतलेल्या लिंकांची यादी द्यावी आणि ते २२ रिव्ह्यू ज्यांच्याकडून लिहून घेतलेत त्यांच्याकडूनच काढून घ्यावेत, पूलसकट.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. हा धंदा मी पोटासाठी स्वतः चालवते, तेव्हा 'व्यावसायिक ग्राहक' म्हणून कायदा दाखवण्यापूर्वी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं स्वयंरोजगाराबद्दलचं स्पष्टीकरण वाचून घ्यावं.

उत्तर कागदावर पाठवा. फोन करायचाच तर दुपारी १२ नंतर करा, सकाळी खोल्या सोडणाऱ्यांची घाई असते.

आपली ग्राहक,
यात्री निवास चालक,
महाद्वार रोड परिसर, कोल्हापूर

सोबत : लेखी हमीची प्रत, सात पावत्या, सर्च कन्सोलच्या पानाची छायाप्रत, लोखंडी कॉटचा फोटो